मेण न घातलेला पिकअप

१

कान हा माणसाचा सगळ्यात खोटारडा अवयव आहे, असं मी बरीच वर्षं लिहीत आलोय, आणि त्यावरच माझं पोट चालतं. इलेक्ट्रिक गिटारी, त्यांचे पिकअप आणि अ‍ॅम्प यांची तुलना करणं हा माझा धंदा. स्वस्तातली गिटार घेतली तर काय गमावतो, महागातली घेतली तर नक्की कशाचे पैसे मोजतो, हे मी लोकांना सांगतो. लोक गिटार डोळ्यांनी ऐकतात. लाकूड देखणं असलं की सूर उबदार वाटतो, किंमत कळली की तो खोलही वाटायला लागतो. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. खोली तीच, वाजवायचे सूर तेच, वाजवणारा मीच, आणि बदलायची ती एका वेळी एकच गोष्ट.

घरातली मागची खोली त्यासाठी ठेवलीय. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या रजया टांगल्यात. दुपारी पडद्यातून ऊन आलं की त्या रजयांवरची फिकी फुलं जरा वेळ जिवंत होतात. समोर कॅमेरा, छतावरून लोंबणारा माइक, कोपऱ्यात अ‍ॅम्प. पोटात तांबडे दिवे असलेला जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तापला की बारीक गुणगुणत राहतो. त्या गुणगुणीत मला नेहमी झोप आल्यासारखं होतं, आणि ती झोप मला आवडते.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बायको दारात उभी राहून एक टाळी वाजवते. ती टाळी धरून मग मी चित्र आणि आवाज कॉम्प्युटरवर जुळवतो. ती स्वतः कानांची तपासणी करते. सकाळी दवाखान्यात लोकांना बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि म्हणायचं, "ऐकू आलं की बोट वर करा." आम्ही दोघंही कानांवर जगतो आणि एकमेकांचं मात्र कुणीच ऐकत नाही, हा तिचा जुना विनोद.

भांडणही एकच आहे, तेही जुनंच. टेबलाचा, गिटारीच्या तारा ठेवायचा ड्रॉवर अडकतो. तो दोनदा ढकलावा लागतो, धप्प, धप्प. मी ढकलतो. ती अर्धा उघडा टाकून जाते आणि माझा गुडघा त्यावर आपटतो.

२

त्या वेळी मी तीन गिटारींची तुलना करत होतो. एक नवशिक्यांची, प्लायवूडची. एक मधली. एक अशी की तिला हात लावण्याआधी हात धुवावेसे वाटावेत. तिन्हींत एकच पिकअप आळीपाळीने बसवायचा आणि बघायचं की पैसा लाकडाला द्यावा की पिकअपला.

पिकअप म्हणजे तारांखाली बसणारा गिटारीचा कान. लोहचुंबकावर केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. वर गिटारीची तार थरथरली की तो ते ओळखतो आणि अ‍ॅम्पला सांगतो. त्याने फक्त तारेचंच ऐकावं अशी अपेक्षा असते. पण वेढे सैल राहिले तर ते स्वतःच थरथरायला लागतात, आणि मग तो खोकला, टकटक, बोलणं, सगळंच ऐकतो. म्हणून बनवणारे त्याला वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण वेढ्यांत शिरून थिजलं की कान नको तिथे बंद होतो.

हा पिकअप घरी बसून पिकअप गुंडाळणाऱ्या एका माणसाकडून आला होता. मी त्याला तारवाला म्हणतो. याआधी त्याचं काम दोनदा वाजवून पाहिलं होतं. या वेळी फोनवर तो एवढंच म्हणाला, "याला मेण घातलेलं नाही. सूर मोकळा आहे. ऐका तुम्हीच."

सूर खरंच मोकळा होता. नवशिक्यांच्या गिटारीत बसवला आणि पहिलाच सूर असा आला, जणू कुणी खोलीची खिडकी उघडली. मी शिंकलो तर अ‍ॅम्पही शिंकला. बायको म्हणाली, "भिंतीला कान असतात म्हणे. इथे गिटारीला फुटले."

३

संध्याकाळी जुळवाजुळव करायला बसलो. गिटारीचा आवाज मी थेट कॉम्प्युटरमध्येही घेतो, म्हणून स्क्रीनवर माइकची एक आणि पिकअपची एक अशा दोन पट्ट्या दिसतात. एरवी टाळी फक्त माइकच्या पट्टीवर दिसते, पिकअपला ती ऐकूच येत नाही. इथे ती दोन्ही पट्ट्यांवर होती. यात नवल नव्हतं. मी चित्र पुढे सरकवलं. बायको दारात उभी, दोन्ही हात छातीसमोर, तळव्यांमध्ये वीतभर अंतर.

आणि पिकअपच्या पट्टीवर टाळी वाजून गेली होती.

मी हसलो. कॉम्प्युटर एखादा आवाज उशिरा घेतो, एखादा लवकर, असं रोज होतं. केबल बदलली. ती मशीनच्या दुसऱ्या छिद्रात लावून पाहिली. दुसरी गिटार, तिच्या स्वतःच्या पिकअपसकट, लावून तार छेडली, तर तिथे सगळं वेळच्या वेळी होतं. पुन्हा ही लावली. बायकोला पुन्हा टाळीसाठी उभी केली.

"किती टाळ्या वाजवायच्या? एवढं छान तू वाजवत पण नाहीस," ती म्हणाली.

पुन्हा तेच. टाळी आधी, हात नंतर. मी चित्र थांबवून तिच्या हातांकडे बराच वेळ पाहत बसलो. ते अजून एकमेकांकडे निघाले होते. ऐकणाऱ्याने मात्र ऐकून घेतलं होतं.

४

काही दिवस मी ते यंत्राच्या माथी मारलं. माणूस स्वतःच्या अकलेवर जगत असला की तिला सहजासहजी वेडी ठरवत नाही.

मग एका दुपारी बायको स्वयंपाकघरात होती आणि मी सरावाचा छोटा अ‍ॅम्प चालू ठेवून तारा पुसत होतो. अ‍ॅम्पमधून झाकण पडल्याचा आवाज आला. लांबचा, पातळ, टेलिफोनवर यावा तसा. झाकण गोल फिरत फिरत थांबलं. मी ओरडलो, "काय पाडलंस?"

"काही नाही पाडलं," ती म्हणाली. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकण पडलं. गोल फिरत फिरत थांबलं.

"तू ओरडलास म्हणून पडलं!" ती चिडून म्हणाली.

मला तेच पटवून घ्यायचं होतं. मी ओरडलो, ती दचकली, झाकण पडलं. साधा हिशेब. फक्त मी कशामुळे ओरडलो, हे त्या हिशेबात बसत नव्हतं. मनात शंकेची पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली.

५

मग मी केलं ते माझ्यासारखाच माणूस करेल. मी त्याची तुलना केली.

पिकअप तोच. आधी छोट्या सरावाच्या अ‍ॅम्पवर लावला. त्यावर जे ऐकू यायचं ते लगेच, श्वासाच्या अंतराने घरात घडायचं. मधल्या अ‍ॅम्पवर लावला तर मी अ‍ॅम्प बंद करून, हात धुऊन, जेवायला बसेपर्यंत घडायचं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर ते लगेच घडतच नसे. सकाळी त्यातून ऐकलेला शेजारच्या दाराचा कर्कश करकराट मी पुढच्या आठवड्यात ऐकला. त्याच दिवशी शेजाऱ्यांचं बिजागर मोडलं.

गिटारींचंही तसंच. महागड्या गिटारीत बसवला की तो जेमतेम उद्याचं ऐकायचा. प्लायवूडच्या गिटारीत सगळ्यात दूरचं. एरवी मी यावर झकास लेख लिहिला असता. कमी पैशांत इतकं लांबचं कुणी देत नाही.

लेख लिहिला नाही. रोज सकाळी बायको दवाखान्यात गेली की मी मागच्या खोलीत जायचो, प्लायवूडची गिटार मांडीवर घ्यायचो, तारांवर हात ठेवून त्या मुक्या करायचो आणि व्हॉल्व्ह तापायची वाट बघायचो. बाकी काही नाही, आमचंच घर ऐकू यायचं. नळ सुटायचा. पंखा फिरायचा. पाऊस नसताना पाऊस. मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. डोळे मिटले की वाटायचं, घराला स्वप्न पडतंय आणि मी त्याच्या उशाशी बसलोय.

एका सकाळी चहाची वेळ ऐकू आली. टेबलाशी खुर्ची सरकली. बशीत कप टेकला.

मी दुसऱ्या खुर्चीची वाट पाहिली. दुसऱ्या कपाची वाट पाहिली. पंखा फिरत राहिला. मग तोच कप उचलला गेला, आणि बऱ्याच वेळाने तोच कप पुन्हा टेकला.

६

यात भिण्यासारखं काही नाही, हे मी स्वतःला सांगितलं. एक जण बाहेरगावी गेला असेल. पिकअपला जोरातला आवाज कळतो, हलका कळत नाही. बायको कप हळू ठेवते. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशीही एकच कप. त्यानंतरही. एकच खुर्ची, एकाच माणसाची पावलं, तीही अनवाणी, कुणाची ते ओळखू न येणारी. आणि बोलणं नाही. आमच्या घरात बोलणं नाही असं कधी होत नाही. भांडण तरी असतं.

गेल्या वर्षी ती हॉस्पिटलमध्ये होती. छातीतली गाठ काढली, पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले आता विसरून जा. ती विसरली. मी नाही. तेव्हा सकाळी मी टेबलाशी एकटा बसायचो आणि तो एका कपाचा आवाज माझ्या डोक्यात घर करून बसला. तो मी कुठेही ओळखेन. आत्ता मी तोच ऐकत होतो.

तारवाल्याला फोन लावला. म्हणालो, "तुमचा पिकअप जरा जास्तच ऐकतो हो."

मागे त्याचं गुंडाळायचं यंत्र फिरत असावं. ते थांबलं.

"मेण घालून टाका," तो म्हणाला. "शेवटी सगळे घालतातच."

"तुम्ही का नाही घातलं?"

"मला आता ऐकण्यासारखं काही राहिलं नाही," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं, हवामान सांगावं तसा तो बोलला. "तुमच्याकडे असेल, तर घालून टाका." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मी मेण आणलं, पण घातलं नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी होती. आम्हा दोघांतलं कोण उरतं? खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक आहे असं वाटत होतं, आणि ते चुकीचं निघावं म्हणून मी ऐकत होतो.

एका सकाळी पावलं मागच्या खोलीत आली. अगदी जवळ, माझ्या खुर्चीच्या मागे. मी वळून पाहिलं. रजयांवर ऊन होतं, तेवढंच. अ‍ॅम्पमधून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. तारांची पाकिटं सरकली. मग ड्रॉवर बंद झाला.

धप्प, धप्प.

दोनदा ढकलणारा या घरात मी एकटाच आहे.

७

त्यानंतर मी वेड्यासारखं वागायला लागलो. ती कामाला निघाली की जिन्यापर्यंत सोडायला जाऊ लागलो. तिच्या हातातून पिशवी घेऊ लागलो. चहा मीच करायचो, आणि तिचा कप तिने जोरात ठेवावा म्हणून बशी मुद्दाम लांब सरकवायचो.

"काय केलंयस?" तिने एकदा विचारलं.

"कुठे काय?"

"एवढा गोड तू एखादी महागडी गिटार विकत घेतलीस की होतोस. कुठे लपवलीयस?"

मी म्हणालो, तू पुन्हा एकदा तपासून घे. तिने डोळे वटारले. मी हट्ट धरला. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून ती गेली आणि रिपोर्ट घेऊन आली. सगळं ठणठणीत. "हे बघ. तुझ्यापेक्षा माझं रक्त बरं आहे. तूच जा एकदा, जिने चढताना धापा टाकतोस," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती जरा घाबरली आणि माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

मग मी ठरवलं की बास. सुटीचा दिवस होता, दुपारचं ऊन होतं. मी गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलं, त्यात मेणाचा डबा. मेण वितळेपर्यंत पिकअप काढून ठेवावा म्हणून मागच्या खोलीत आलो. ती बाहेर वाचत बसली होती. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, आणि काढण्याआधी शेवटचं एकदा म्हणून अ‍ॅम्प लावला. दारूड्याचा शेवटचा घोट असतो, तसलंच ते.

व्हॉल्व्ह तापले. गुणगुण सुरू झाली. खोलीत स्वयंपाकघरातून मेणाचा वास येत होता.

पावलं आली. खुर्चीत कुणीतरी बसलं. माझीच खुर्ची, तिचा आवाज मी ओळखतो. ड्रॉवर उघडला, आतून काहीतरी घेतलं, आणि बंद झाला. धप्प, धप्प. मग कानठळ्या बसतील इतक्या जवळ, थेट पिकअपवर, लोखंडाने टकटक केलं. पिकअप जिवंत आहे का हे बघायला आम्ही स्क्रू-ड्रायव्हरने मारतो तसं. दोन हलके ठोके, मग जरा थांबून एक जोरात. मी असं करत नाही. मी एकदाच मारतो.

कुणीतरी श्वास घेतला.

"ऐकू आलं की बोट वर कर," बायको म्हणाली.

तिचा आवाज दमलेला होता, थोडा जाडही झाला होता, पण तिचाच. दवाखान्यातल्या लोकांशी बोलते तसाच, न चिडता, पुन्हा पुन्हा विचारायची तयारी असलेला. ड्रॉवर तिनेच ढकलला होता. माझी सवय तिने उचलली होती, कारण आता ढकलणारं दुसरं कुणी नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं ते असं की जीव भांड्यात पडला. ती आहे. चहा पितेय, खुर्ची सरकवतेय, केव्हातरी खूप पुढेही ती या घरात आहे. नाहीसा झालोय तो मी. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी बोट वर केलं.

अ‍ॅम्प गुणगुणत राहिला. तिला दिसणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. ती वाट बघत होती. तिच्या मागे कुणीतरी दुसरं, अगदी हळू, खोलीत आल्यासारखं वाटलं. रजई हलल्यासारखा आवाज झाला, आणि तिने "कोण?" म्हटलं की म्हटलं नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही, कारण मी घाईने अ‍ॅम्प बंद केला होता.

८

"कुणाला बोट दाखवतोयस?" ती दारात उभी होती. माझं बोट अजून वरच होतं. "आणि ते मेण उकळतंय. घर पेटवणार आहेस का?"

मी उठून गॅस बंद केला. ती मागोमाग आली. "मग? बुडवायचा ना तो?"

"नको. राहू दे तसाच."

"त्या मेणाचा वास घरभर झाला, आणि आता राहू दे? काय ऐकलंस काय एवढं त्यात?"

"तू पुढे ड्रॉवर नीट बंद करायला शिकणार आहेस," मी म्हणालो.

"स्वप्नात!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

मेण डब्यात थिजायला लागलं होतं, वर पांढरी साय धरत होती. अजून पुन्हा वितळवता आलं असतं. पिकअप बुडवला असता तर तिची ती टकटक कुणालाच ऐकू गेली नसती आणि मी सुखाने काहीच न जाणता जगलो असतो. आणि ती त्या खुर्चीत बसून तांब्याच्या बहिऱ्या वेढ्यांना विचारत राहिली असती. ते मला करवेना.

मी तिला मागच्या खोलीत नेलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि प्लायवूडची गिटार तिच्या मांडीवर दिली. ड्रॉवरमधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात ठेवला. "हा पिकअप. याला सगळं ऐकू येतं. कधी काही बोलावंसं वाटलं तर इथे असं टकटक करायचं, आणि जवळून बोलायचं. अ‍ॅम्प नसला तरी चालेल."

"मला कशाला शिकवतोस? बोलायचं असलं तर तुझ्याशी बोलेन की."

"माहीत असावं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग थट्टेनेच तिने टकटक केलं. दोन हलके, आणि जरा थांबून एक जोरात. असंच का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पिकअपवर वाकून, दवाखान्यातल्या आवाजात ती म्हणाली, "ऐकू आलं की बोट वर करा हं."

मी बोट वर केलं.

"शाबास," ती म्हणाली. स्क्रू-ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर अर्धा उघडाच ठेवला आणि चहा टाकायला निघून गेली. आतून दोन कप काढल्याचा आवाज आला. माझ्या मागे भिंतीवरची रजई जराशी हलली, वारा नव्हता. मी वळलो नाही. ड्रॉवर तसाच राहू दिला, आणि बोटही खाली घेतलं नाही. न जाणो, तिकडे ती अजून वाट बघत असेल.